पाच वस्तूंवरचा कर

"सर, एकच प्रश्न आहे. दहा मिनिटांत जाते."

उर्मिला हालकुडे दारात उभी होती. हातात प्रश्नपुस्तिका आणि तिच्यात खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट. सकाळच्या गाडीनं ती लातूरला गेली होती, नोकरभरतीच्या मंडळाच्या कार्यालयाबाहेर लावलेली उत्तरतालिका उतरवून घेतली होती आणि उदगीरच्या स्टँडवरून घरी न जाता सरळ माझ्याकडे आली होती. शैलानं, माझ्या बायकोनं, तिला पाणी दिलं. ते ती उभ्यानंच प्यायली.

"बस आधी," मी म्हणालो. "किती झाले?"

"दोनशेपैकी एकशे बेचाळीस." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "तिथं सगळे म्हणत होते, यादी एकशे त्रेचाळीसला थांबणार. पण सर, माझे खरे एकशे त्रेचाळीसच आहेत. तालिकाच चुकलीय."

शैला हसली. "घ्या. हिला तालिका चुकीची वाटते."

"वाटत नाही काकू, आहे."

ही २००३ सालची गोष्ट. व्हॅट यायचा होता, विक्रीकर चालू होता. मी उदगीरच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होतो. त्रेपन्न वर्षांचा होतो. वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलायची मला सवय होती आणि मुलं त्यावरून नकला करायची. उर्मिला माझी कॉलेजातली विद्यार्थिनी नव्हे. मन्मथअप्पा हालकुड्यांचं बाजारात जनरल स्टोअर होतं, त्यांची ही थोरली. बी. कॉम. झाल्यापासून दुकानात गल्ल्यावर बसायची. बत्तीस वर्षांची होती आणि चार महिन्यांनी तेहतीस पूर्ण होणार होती. त्यानंतर सरकारी परीक्षेला बसता येणार नव्हतं. मंडळाच्या लेखनिकाची ही तिची शेवटची परीक्षा होती. दर रविवारी सकाळी मी तिला गणित शिकवत असे. फी घेत नव्हतो. मला आवडायचं, एवढंच. माझ्याशी वाद घालणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिनं पुस्तिका माझ्यासमोर उघडून ठेवली आणि बोट टेकवलं. प्रश्न क्रमांक एकशे अठ्ठ्याहत्तर.

मी चष्मा शोधायला उठलो. चष्मा डोळ्यांवरच होता.

"मी वाचते," ती म्हणाली. "'एका ग्राहकाने एका दुकानातून पाच वस्तू खरेदी केल्या. त्याने एकूण किती विक्रीकर भरला? विधान पहिले, पाच वस्तूंची करापूर्वीची सरासरी किंमत ऐंशी रुपये आहे. विधान दुसरे, त्यांपैकी एकशेवीस रुपये किमतीच्या वस्तूवर बारा रुपये विक्रीकर लागला.'"

ज्यांना या परीक्षांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. या प्रकाराला माहितीची पर्याप्तता म्हणतात. त्यात उत्तर काढायचं नसतं. दिलेल्या विधानांवरून उत्तर निघू शकेल की नाही, एवढंच सांगायचं असतं. तिसरा पर्याय होता, दोन्ही विधाने मिळून पुरेशी आहेत. चौथा होता, दोन्ही मिळूनही अपुरी आहेत.

"तालिकेत तीन दिलाय. मी चार केलाय," ती म्हणाली. "सरासरी ऐंशी, वस्तू पाच, म्हणजे एकूण चारशे. इथपर्यंत ठीक. पण कर फक्त एका वस्तूचा सांगितलाय. दहा टक्के. बाकीच्या चार वस्तूंवर किती, कुठं लिहिलंय?"

"दहाच टक्के," मी म्हणालो.

"कशावरून?"

"एकच दुकान आहे. एकच ग्राहक, एकच खरेदी."

"सर!" ती हसायलाच लागली. "आमचं पण एकच दुकान आहे की. वहीला वेगळा, बिस्किटाला वेगळा, कुलपाला वेगळा. एकाच पिशवीत जातात तिन्ही. त्या दुकानदारानं चारशेवर सरसकट दहा टक्के लावला तर विक्रीकरवाले त्याला सोडतील होय?"

शैला चहा टाकायला आत गेली होती, तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला.

"दुकानातलं दुकानात," मी म्हणालो. "गणितात काही संकेत असतात."

"तुम्हीच सांगितलंय, सर. पहिल्याच रविवारी. या प्रश्नांत जे लिहिलेलं नाही ते धरायचं नाही. कितीही उघड वाटलं तरी धरायचं नाही. मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय."

मी तसं सांगितलं होतं.

"हरकत घेता येते," ती पुढं म्हणाली. तिला आता घाई झाली होती. "शनिवारी पाच वाजेपर्यंत अर्ज द्यायचा. शंभर रुपयांचा ड्राफ्ट आणि त्या विषयाच्या प्राध्यापकाचं सहीचं पत्र. तुमचं पत्र मिळालं की उद्याच्या पहिल्या गाडीनं जाते. उत्तर बदललं तर माझा एक वाढतो आणि तीन लिहिलेल्या सगळ्यांचा एक कमी होतो. क्लासच्या सगळ्या पोरांनी तीनच लिहिलंय, सर. त्यांना असलीच गणितं पन्नास पन्नास घोटून घेतली होती म्हणे. बघायचं, तीन करायचं आणि पुढं जायचं."

तिला मी विक्रीकराचं एकही गणित घातलं नव्हतं. सहा महिन्यांत एकही नाही. तिनं दोनदा विचारलंही होतं आणि मी ते पान उलटलं होतं.

"उर्मिला, तुझं थोडं चुकतंय," मी म्हणालो.

"कुठं?"

"सरासरी दिली आहे म्हणजे पाची वस्तू एका गटातल्या धरायच्या. दर निराळे असते तर परीक्षकानं तसं सांगितलं असतं."

"आणि सारखे असते तर ते सांगितलं नसतं का? 'सर्वांवर दहा टक्के' लिहायला कितीशी जागा लागते? उलट एकाच वस्तूचा कर मुद्दाम सांगितलाय. मला तर वाटलं, परीक्षक हुशार आहे. इथंच फसवतोय. लिहिताना मला इतका आनंद झाला, सर. म्हटलं, कुणीतरी डोकं लावून काढलंय."

माझे कान गरम झाले. मी पुस्तिका बंद केली आणि तिच्याकडे सरकवली. पुढचं वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. असली वाक्यं बोलणाऱ्या माणसांची मला कायम भीती वाटत आली.

"मी एकतीस वर्षं गणित शिकवतोय," मी म्हणालो.

चहा आला. तिनं बशीत ओतला आणि प्यायला विसरली. मग पुस्तिका पुन्हा उघडून तिनं प्रश्न मनातल्या मनात वाचला. तिचे ओठ हलत होते. पुन्हा वाचला.

"म्हणजे माझंच चुकलं?"

माझ्याकडे बघत होती. तिला 'नाही' ऐकायचं होतं असं मी म्हणणार नाही. तिला खरं ऐकायचं होतं. ते फक्त माझ्याकडे मिळेल अशी तिची खात्री होती.

"हो," मी म्हणालो.

ती उठली, काकूंना येते म्हणाली आणि गेली. एसटीचं तिकीट टेबलावर राहिलं.

शैला कपबशा उचलत होती. शिकलेली सातवीपर्यंत, पण भाजीवाल्याचा हिशोब त्याच्या आधी सांगायची.

"पोरीचं बरोबर होतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

"तो प्रश्न मी काढलाय."

तिनं कपबशा परत खाली ठेवल्या.

मंडळानं त्या वर्षी गणिताचे पन्नास प्रश्न माझ्याकडून मागवले होते. शैलालाही मी सांगितलं नव्हतं. गुप्ततेचा करार होता. पण खरं सांगायचं तर मला त्याचा फार अभिमान होता. तोवर कुणी मला कशासाठीही निवडलं नव्हतं. पाठ्यपुस्तकाच्या समितीवर नाही, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या समितीवरसुद्धा नाही. मंडळाचं पत्र मी कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं होतं आणि अधूनमधून काढून वाचत होतो.

"चुकला कसा?" शैलानं विचारलं.

"एक वाक्य होतं. 'सर्व वस्तूंवर कराचा दर समान आहे.' मी काढलं."

"का?"

"प्रश्न पाच ओळींत बसला पाहिजे अशी अट होती. माझ्या सहा होत होत्या."

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते वाक्य टंकलेखकानं गाळलं असेल. ते खरं नाही. मी स्वतः त्यावर रेघ मारली होती. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या गणितांत पाची वस्तूंवर एकच कर असायचा. दुकानातून मी खडू आणि कागद सोडून काही विकत घेत नव्हतो. घरातलं सगळं शैला आणायची.

"मग द्या की तिला सही."

"करारात लिहून दिलंय, माझ्याकडे कोणी परीक्षार्थी शिकत नाही म्हणून."

"ती तर शिकत होती."

"हो. म्हणून तर तिला तसलं एकही गणित घातलं नाही."

"म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे वागलात आणि मार तिला बसला."

मी टेबलावरचं एसटीचं तिकीट उचललं.

"बरं, तिचं नाव नका घेऊ," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही मंडळाला कळवा. माझा एक प्रश्न चुकलाय, उत्तर बदला. असं कळवता येतं ना?"

"येतं."

"शिक्षा आहे का त्याला?"

"नाही."

"मग कळवा."

तिच्या लेखी ते इतकं सरळ होतं. मी शुक्रवारी सकाळी पत्र लिहायला बसलो. पहिलं फाडलं, दुसरं फाडलं. तिसरं चार ओळींचं होतं, ते बरं वाटलं. प्रश्न क्रमांक एकशे अठ्ठ्याहत्तर, माझ्या नजरचुकीने एक विधान राहून गेले, योग्य उत्तर पर्याय चार. खाली सही केली. एसटीडी बूथवर फॅक्स होता. तिथून पाठवलं की संपलं असतं. एका प्रश्नाची मला एवढी धास्ती नव्हती. पण एक चुकीचा निघाला की कोणीतरी उरलेले एकोणपन्नास काढून बसेल, असं माझ्या मनानं घेतलं. आणि मग काय काय सापडेल? स्वतःच्या गणिताबद्दल मला कधीच खात्री नव्हती. आजही नाही. कोणाला ते अजून कळलेलं नाही, एवढ्याच आधारावर मी एकतीस वर्षं शिकवलं होतं.

पत्र खिशात घालून निघालो. बूथ बाजाराच्या पलीकडे होता आणि वाटेत हालकुड्यांचं दुकान.

"सर! उन्हात कुठं निघालाव?" मन्मथअप्पांनी हाक मारली. "या की, बसा. ए, सरांला थंड आण रे कुणीतरी."

नको नको म्हणेपर्यंत स्टूल आलं. उर्मिला गल्ल्यावर होती. समोर एक बाई उभ्या होत्या. त्यांनी मुलांच्या वह्या, साबण, एक पितळी कुलूप असं काहीबाही घेतलं होतं. उर्मिला बिल करत होती. प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहायची आणि पुढच्या रकान्यात कर. तक्ता बघत नव्हती, मोजायला थांबत नव्हती. दर वस्तूगणिक बदलत होता आणि हात चालूच होता.

अप्पा माझ्या कानाशी वाकले. "बरं झालं तुम्ही समजावलंत. चार दिस झाले, पोरगी डोकं खायलीय. मीच बरोबर म्हणून. परीक्षेतून आली तवापासून हाच एक प्रश्न. शंभर रुपयांचं काय नाही हो, पण मोठ्या हापिसात जाऊन हसं झालं असतं की. आता कशी शांत बसलीय बघा."

बाई गेल्या. उर्मिलानं पेन कानावर खोवलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, पण हसली.

"बघितलंत ना, सर? रोज हे असलं करते, म्हणून माझा घोळ झाला. दुकान डोक्यातून जातच नाही."

माझा हात खिशात होता.

"अजून उद्याचा दिवस आहे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. तिनं विचारावं आणि माझ्या तोंडून आपोआप निघून जावं, अशी काहीतरी आशा असेल.

"कशाचा?"

"हरकत घ्यायला."

"छे हो, सर. तुम्ही एवढं समजावून सांगितल्यावर?" ती जराशी लाजली. "मी काल रात्री तुमच्या पद्धतीनं परत मांडून बघितलं. एक गट धरला की बरोबर येतं. चाळीस रुपये."

मी थंड प्यायलो. अप्पांनी पैसे घेतले नाहीत. बूथपर्यंत गेलो, बाहेर उभा राहिलो. आत एक माणूस मोठमोठ्यानं फोनवर बोलत होता, तो संपवीना. मी घरी आलो. शनिवारी कॉलेजला गेलो. पाच वाजता वाचनालयात होतो आणि समोरच्या घड्याळाकडे पाठ करून बसलो होतो.

शैलानं विचारलं नाही.

यादी तीन आठवड्यांनी लागली. एकशे त्रेचाळीसलाच थांबली. त्याच आठवड्यात परीक्षा विभागाच्या भालेकर साहेबांचा घरी फोन आला. आवाज फार आनंदी होता.

"पारगावकर सर, अभिनंदन! इंग्रजीवर अकरा हरकती, सामान्य ज्ञानावर तेवीस. तुमच्या गणितावर एकही नाही. शून्य! पुढच्या वर्षीचं गणित तुमच्याकडेच, आत्ताच सांगून ठेवतो."

"आभारी आहे," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा शैला दारात होती. तिनं ऐकलं होतं.

मी पुढं सहा वर्षं प्रश्न काढले.

उर्मिला त्यानंतर एकदाच घरी आली. दिवाळी होऊन गेली होती, तिची तेहतिशी उलटली होती. तिनं माझी पुस्तकं परत आणली होती, वर्तमानपत्राची कव्हरं घालून. खुर्चीवर नीट मागं टेकून बसली. पहिल्यांदाच.

"सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. गणिताचं नाही."

"विचार."

"निलंग्याकडचं एक स्थळ आलंय. त्यांची पहिली बायको वारली. दोन मुलं आहेत. किराणा आहे मोठा. अप्पा म्हणतात, होकार देऊ." ती बोटं मोडत होती. "दुसरं म्हणजे, इथं बाजार समितीजवळ एका वकिलांना करसल्लागाराच्या कामाला माणूस पाहिजे. त्यांनी माझी बिलं बघितली. म्हणाले, तू ये, शिकवतो, पाच वर्षांत स्वतःचं ऑफिस टाकशील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, वकिलांकडे जावं."

"मग?"

"पण माझ्या वाटण्याचं काय खरं आहे, सर?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं एखादा आपल्याला चष्मा लागतो म्हणून सांगतो. "मला बरोबरच वाटत असतं. त्या प्रश्नाच्या वेळी पण मी शपथ घेतली असती. तुम्ही होतात म्हणून कळलं. म्हणून म्हटलं, सरांना विचारावं. तुम्ही सांगाल ते करते."

शैला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी पुस्तकांच्या कव्हरांकडे.

त्या क्षणी सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. तुझं बरोबर होतं. प्रश्न माझा होता. हरकतीची मुदत गेली होती, नोकरी परत मिळणार नव्हती, पण ती वाक्यं तिच्या कामाची होती. कदाचित नोकरीपेक्षा जास्त. आणि वकिलांचं ऑफिस माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मला तिच्या समोरून जावं लागलं असतं. कर, दर, वस्तू याच कामात ती बसली असती. एक ना एक दिवस तिला कळलंच असतं.

"स्थळ चांगलं वाटतं," मी म्हणालो.

"हो?"

"हो. माणसं ओळखीची आहेत, गाव जवळ आहे. अप्पांचंही आता वय झालं."

"बरं," ती म्हणाली. लगेच. काही वाद घातला नाही.

शैला आत निघून गेली. उर्मिलानं जाताना काकूंना हाक मारली, पण ती बाहेर आली नाही.

लग्न माघात निलंग्याला झालं. शैला म्हणाली, "मी येणार नाही. तुम्ही जा, तुम्हीच ठरवलंय." मी एकटाच गेलो. कोपऱ्यातली खुर्ची बघून बसलो होतो, तिथून अप्पांनी हाताला धरून उठवलं आणि सगळ्या पाहुण्यांच्या पुढं, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मला फेटा बांधला. मला फेटा शोभत नाही, पण नको म्हणायलाही जमलं नाही. अप्पांनी व्याह्यांना जवळ बोलावलं.

"हे आमच्या उर्मिलेचे सर," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "हट्टी होती हो पोरगी लई. बापाचं ऐकायची नाही. पण यांनी एकदा हो म्हटलं की संपलं. यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही."

व्याह्यांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मीही केला.